एकट्याचं 'व्हय म्हाराजा'

हे जे मी सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. पैज लावा. माझं नाव हरिश्चंद्र. आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलं, आणि आज मालवणात अशी परिस्थिती आहे की हरीनं पाऊस येणार म्हटलं की बायका मिरच्या वाळत घालतात.

पूर्वी मी गजाली, म्हणजे गप्पागोष्टी, फुकट सांगायचो. आता त्यांना हेरिटेज वॉक म्हणतात. फोवकांडा पिंपळाखालून निघायचं, बाजारपेठेतून बंदरावर जायचं, आणि बंदरावरून दांडीच्या वाळूनं चालत मोरयाच्या धोंड्यापर्यंत. ही वाट काही मी शोधलेली नाही. मासेमारी सुरू व्हायच्या आधी एक दिवस आमच्या वाडीची माणसं देवाचं निशाण घेऊन याच वाटेनं अनवाणी जातात. पंचांगात शोधू नका, सापडायचं नाही. वाडीचा रिवाज आहे. वाटेत ठरलेल्या जागी थांबायचं, गाऱ्हाणं घालायचं, पुढं जायचं. गाऱ्हाणं घालणारा मी. खोटारड्याला देवाशी बोलायला कसं बसवलं, असं लोक विचारतात. मी म्हणतो, देवाशी बोलायला जीभ लागते, खरं काय ते त्याला आधीच ठाऊक असतं.

तर त्या दिवशीचे पाहुणे सांगलीचे होते. अजय आणि रसिका हे नवराबायको, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्याच वयाची आणखी दोन जोडपी. दिवाळी नुकतीच सरलेली. उतरले होते दांडीवर हिराच्या घरी. हिरा पुढच्या खोल्या पाहुण्यांना देते, रांधते ती, आणि बाकीचं सगळं तिची मुलगी संजना बघते. संजनानंच त्यांना पिंपळाखाली आणून माझ्या हवाली केलं.

"हरीआजानू, मी सोलकढी घेवन धोंड्यार येतंय. तवसर जास्ती फेकू नकात," असं म्हणून ती स्कूटर वळवून गेली.

ती गेली मात्र, रसिकानं विचारलं, "आजोबा, काकू रोज एक ताट जास्तीचं वाढतात. सगळं वाढतात, माशाची तुकडीसुद्धा. पण त्यावर कुणी बसत नाही. कुणाचं असतं ते?"

"देवाचं," मी म्हटलं.

"देवाला मासे?"

"समुद्रावरचा देव आहे, बाई. त्याला काय साबुदाणा वाढणार?"

दिवसातलं पहिलं खोटं, तेही पिंपळाखाली. ते झाकायला मी लगेच दुसरं काढलं. म्हटलं, ह्या पिंपळाचं एक वैशिष्ट्य आहे, सोमवारी त्याचं एकही पान गळत नाही. तेवढ्यात एक पिवळं पान फिरत फिरत अजयच्या टोपीवर येऊन बसलं.

"आज सोमवारच आहे," अजय म्हणाला.

"मग ते पान नव्हे," मी म्हटलं, आणि चालायला लागलो.

बाजारपेठेच्या तोंडाशी मी त्यांना गाऱ्हाणं शिकवलं. ह्यात शिकण्यासारखं असं की सगळ्या गावाच्या वतीनं एकानं देवाशी बोलायचं, आणि त्याचं वाक्य 'म्हाराजा' म्हणून खाली उतरलं की बाकीच्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. वाक्यात काय होतं ते कुणी ऐकत नाही. आवाज उतरला की तोंड उघडतं. बाळंतीण म्हणते, तापानं फणफणलेला म्हणतो, माझा चुलता तर झोपेत म्हणायचा आणि कूस बदलायचा. आमच्याकडे मूल 'आई' म्हणायच्या आधी हे शिकतं.

"बा देवा म्हाराजा," मी रस्त्याच्या मधोमध हात जोडून आवाज लावला, "आज ही जी काय लेकरां सांगलीसून तुज्या पायाकडे इली हत, तेंका सुखी ठेव, म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. दोन दुकानदारही ओरडले. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"वाटेत काय आडवा इला, तर बारा वाटेन घालव, म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी आज रातीची सगळी भांडी हो अजयराव घासतलो, म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत जोरात अजय ओरडला. मग थांबला, बायकोच्या तोंडाकडे बघितलं, आणि काय झालं ते त्याच्या लक्षात आलं. रसिका हसून हसून एका दुकानाच्या पायरीवर बसली.

बाजारपेठेत मी त्यांना रस्ता वाकडा का आहे ते सांगितलं. मोठ्या भरतीच्या पाण्याबरोबर एक मोरी बाजारात शिरली. अजय म्हणाला, मोरी कशी शिरेल? म्हटलं, तुमची न्हाणीतली नव्हे, मोरी म्हणजे शार्क. आत आली ती आली, पण मोरीला मागं सरकता येत नाही. तेव्हा दुकानदारांनी घाईघाईनं आपापले उंबरे सरकवले आणि तिला वळायला जागा करून दिली. रस्ता तेव्हापासून वाकडा. लोक हसत होते, फोटो काढत होते. मी खूश होतो.

बंदरावर तुळसा मासे घेऊन बसली होती. ती माझ्या वयाची, आणि मला लहानपणापासून ओळखते, म्हणजे काय ते समजा.

"इलो गो इलो, खोटारड्यांचो सरपंच इलो!" तिनं लांबूनच हाक दिली. "मोरी बाजारात शिरली काय रे आज?"

"शिरली आणि गेली पण."

"मेल्या, तुज्या जिभेक फटकी येवंदे! पावण्यांनो, ह्येच्या मागसून चललास तर घराक पोचूचा नाय."

रसिका म्हणाली, "आजोबा, खरंच, एक तरी खरी गोष्ट सांगा ना. पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी."

समोर होड्या नांगरलेल्या होत्या. त्यांत सत्यवानची होडी होती, नुकता निळा रंग दिलेली. माझी नजर तिच्यावर गेली आणि बोलून गेलो, "सांगतो. ह्याच बंदरातून गेल्या वर्षी एक होडी गेली होती…"

तुळसाची विळी थांबली. "ती नको, हरी."

"कित्याक नको?"

"ती तुजी न्हय."

मी पाहुण्यांना घेऊन वाळूवर उतरलो.

त्यांना मी नावं सांगितली नाहीत. एक खलाशी, एक तांडेल, एक बाई, एवढंच. तुम्हाला नावं सांगतो, कारण तुम्ही हिराच्या घरी आंबोळ्या खाऊन आलेले नाही. तो खलाशी म्हणजे विठोबा, हिराचा नवरा, संजनाचा बाप. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, आणि तो सत्यवान. दोघं लहानपणापासूनचे जोडीदार, एकाच वाळूवर नागडे खेळलेले.

भाद्रपदात सांजवेळी होडी परत येत होती. किल्ल्याचे बुरूज दिसायला लागले होते, इतकी जवळ. मागून पावसाची सर आली आणि तिच्या पोटात लाट होती. ती होडीवरून गेली, आणि गेले होते त्यांतला एक परत आला नाही. सत्यवान वाळूवर उतरला तो गुडघ्यांवर बसला. म्हणाला, "लाट इली. कोणाक काय दिसाक नाय. विठोबा नाय."

बाकीचे खलाशी खाली जाळ्यापाशी होते, त्यांनी खरोखरच काही बघितलं नव्हतं. पण हिरा मासेमाराची मुलगी आहे. तिनं विचारलं, "तो खंय होतो?"

"नाळेर." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक.

"आणि तू?"

"सुकाणवार."

सुकाणू धरणाऱ्याचं तोंड नाळेकडेच असतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. हिरानं त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "मगे तू तेका बघलंस. बुडताना बघलंस."

"काळोख होतो गो, वयनी."

"सांजेक?"

सत्यवान त्याबद्दल पुन्हा बोलला नाही, आजतागायत बोललेला नाही. त्याचंही बरोबर आहे. 'बघितलं' म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असतो: मग होडी परतवली का नाहीस? त्या लाटांत होडी आडवी घातली असती तर सगळे गेले असते, हेही खरं असेल. पण ते त्यानं सांगायचं, ह्या हरीनं नव्हे.

प्रेत किनाऱ्याला लागलं नाही. देवगडच्या अंगाला एक मिळालं होतं. हिरा एसटीनं जामसंड्यापर्यंत गेली, पुढं रिक्षानं गेली, चादर उचलून हात बघितला आणि परत आली. विठोबाच्या मनगटावर गोंदण होतं, त्या हातावर नव्हतं. त्या रात्री तिनं भात केला आणि त्याचं ताट वाढलं. भटजींनी सांगितलं, दर्भाचा माणूस करू, त्याला अग्नी देऊ, तो मोकळा होईल, तूही मोकळी हो. तर म्हणाली, "गवताक जाळून माजो घोव कसो मरतलो?"

तिचं म्हणणं एकच होतं. कुणी तरी बघितलेलं असलं पाहिजे. ज्यानं बघितलं त्यानं समोर यावं आणि म्हणावं, हिरा, विठोबा बुडलो, मी बघलंय. इतकंच. मग ती चुडे फोडायला तयार होती. पण कुणी बघितलंच नसेल, तर माणूस मेला कशावरून? एखाद्या दुसऱ्या होडीनं उचलला असेल, कुठल्या तरी बंदरात डोक्याला मार लागून पडला असेल, नाव आठवत नसेल. वर्ष झालं तरी ती गोव्याहून येणाऱ्या ट्रकवाल्यांना विचारते. सत्यवान दर खेपेला तिच्या दारात मासे ठेवून जातो, हाक न मारता. ती ते उचलते, रांधते, आणि त्यातली पहिली तुकडी विठोबाच्या ताटात वाढते.

हे एवढं मी पाहुण्यांना चालता चालता सांगितलं, ताट आणि मासे सोडून. कुणी फोटो काढत नव्हतं आता. दांडीच्या वाळूत पाय रुततात, म्हणून सगळे खाली बघून चालत होते. रसिका मात्र माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मग?" तिनं विचारलं.

मग यंदाचा श्रावण आला, आणि निशाण निघायच्या आदल्या दिवशी ती बाई नारळ घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "हरीआजा, उद्या गाऱ्हाण्यात माज्या घोवाचा घाल."

मी म्हटलं, "बाये, गाऱ्हाण्यात आळ घालता येत नाय. कोणाचा नाव घेवचा नाय, असो रिवाज आसा."

"नाव घेव नको. देवाक कळतला. आणि ज्येका कळूचा तेका पण कळतला."

निशाण घ्यायचा मान तांडेलाचा. त्या दिवशी तो सत्यवानाकडे होता. अनवाणी, पावसात भिजत, काठी छातीशी धरून तो सगळ्यांच्या पुढं चालत होता. मागं शंभर माणूस असेल, बायका शेवटी. पिंपळाखाली मी नेहमीचं गाऱ्हाणं घातलं आणि शेवटाला एक वाक्य जोडलं: "जो गेलो, तो खंय आसा तां तुका ठावक आसा, म्हाराजा!" सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. बंदरावर आणखी एक जोडलं: "पाऊस असलो तरी सांजेक उजवाड असता, म्हाराजा!" व्हय म्हाराजा. कुणी मान वर केली नाही. सत्यवानचे खांदे मात्र हलले. मागून चालणाऱ्याला दिसत होतं, आणि त्याच्या मागून मीच चालत होतो.

बोलता बोलता आम्ही धोंड्यापाशी पोचलो. काळा खडक, त्यावर कोरलेला गणपती, चंद्र, सूर्य. समोर पाण्यात किल्ला. किल्ल्याचा पाया घालायच्या आधी पूजा इथं झाली असं म्हणतात. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात, तेव्हा खरं असेल. ओहोटी लागली होती. पाहुणे खडकाभोवती उभे राहिले. मी समुद्राकडे तोंड केलं.

"इथं," मी म्हटलं, "ह्या खडकावर सत्यवानानं…" नाव तोंडातून गेलंच. "तांडेलानं निशाण टेकवलं. वारा सुटला होता. बायका त्या तिकडे वाळूवर. मी हात जोडले आणि बोललो."

आणि जसं बोललो होतो तसंच, त्याच आवाजात, मी पुन्हा घातलं.

"बा देवा म्हाराजा! जेना तेका बुडताना बघल्यान, आनी होडी परतवल्यान नाय, तेका आज तुज्या पायाकडे तोंड दी! तेनाच बघल्यान, तेनाच सोडल्यान, म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

सांगलीची माणसं. एका तालात, एका दमात. अजय, रसिका, सगळी. आवाज खडकावर आपटून परत आला, आणि मग ती एकमेकांकडे बघायला लागली. रसिकानं तोंडावर हात ठेवला.

"नाही, नाही," मी घाईनं म्हटलं. "इथं कुणी म्हणायचं नाही. इथं त्या दिवशी सगळे गप्प राहिले. शंभर माणूस, आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाही. वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता. आणि त्या शांततेत एकटाच, निशाणाची काठी धरून, खाली मान घालून, सवयीनं, तांडेल म्हणाला, व्हय म्हाराजा. एकटा! मग त्याला कळलं. त्यानं वर बघितलं तर अख्खं गाव त्याच्याकडे बघत होतं. काठी हातातून पडली. ती बाई गर्दीतून पुढं आली. रडली नाही. ह्या इथं, चंद्राच्या खाली, तिनं दोन्ही हात खडकावर आपटले, आणि काचा पाण्यात गेल्या. आणि सांगू? समुद्र एक पाऊल मागं सरला. मी बघितलाय. त्या दिवसापासून ती बाई कुणाची वाट बघत नाही."

 किल्ल्याकडून एक होडी येत होती, तिचं इंजिन धडधडत होतं.

"आजोबा," रसिका हळूच म्हणाली, "आम्ही हे तासाभरापूर्वी शिकलो. तरी आमच्या तोंडून निघालं. ती माणसं तर जन्मभर म्हणत आली आहेत. ती सगळी गप्प कशी राहिली?"

"देवानं तोंडं धरली," मी म्हटलं.

"शंभर माणसांची? आणि एकाचंच सोडलं?"

  वाटलं, मोरी आली म्हणून सांगावं. कुणी तरी यावं आणि मला वळायला जागा करावी.

माझ्या मागं स्टीलच्या डब्याचं झाकण वाजलं. मी वळलो. संजना वाळूवर उभी होती, एका हातात सोलकढीचा डबा, दुसऱ्यात पेल्यांची चळत. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिच्या पायांवरून पाणी येऊन गेलेलं दिसत होतं, तेव्हा बराच वेळ असेल.

"पेले धरा," ती अजयला म्हणाली. त्यानं धरले.

मग ती माझ्याकडे न बघता, खडकाकडे बघून, मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"खोटा, हरीआजानू. गाऱ्हाणा तुमी घातलास, तां खरा. पण गप कोण ऱ्हवलो? सत्यवानकाकान म्हटल्यान, तसा सगळ्यांनी म्हटल्यानी. मी म्हटलंय. त्यात तेचो एकट्याचो आवाज कोणाक गावलो? चुडे माज्या आवशीच्या हातात आजून आसत, सकाळी आंबोळी वाढताना ह्येंनी बघल्यानी. आनी त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यान 'व्हय म्हाराजा' कोणी म्हटल्यान, सांगा ह्येंका. माज्या आवशीन."